टायमिंग दर महिन्याला सरकतं? डेल्को फिरवण्याआधी गॅप मोजा

गणपती ते दिवाळी एवढ्या काळात माझ्या गाडीचं टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, तीन वेळा लावून झालं. तिन्ही वेळा गाडी गॅरेजमधून झक्क बाहेर पडली आणि तिन्ही वेळा महिन्याच्या आत परत तेच रडगाणं. चौथ्यांदा मी गॅरेजला गेले नाही. जे सापडलं ते इथे लिहितेय, कारण पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारी धातूची जोडी असलेल्या) जुन्या गाड्या बाळगणाऱ्या बऱ्याच जणांना हाच फेरा पडलेला मी पाहिलाय.

गाडी १९७७ची अँबेसेडर मार्क ३, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आप्पांची. ठाण्यात त्या काळी फियाट पुष्कळ, अँबेसेडर म्हणजे सरकारी साहेबाची. अजूनही तीन हात नाक्याला सिग्नलवर कुणीतरी विचारतंच, ‘लाल दिवा कुठे गेला?’

तर तक्रार अशी. टायमिंग लावल्यावर पहिला आठवडा गाडी हलकी, तरतरीत. पण रविवारी घोडबंदर रोडने निघालं की गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये टकटक सुरू, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. मग मेकॅनिकने टायमिंग जरा मागे घ्यायचं. टकटक बंद. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गाडी हळूहळू मरगळत जायची. सकाळी स्टार्टर लांबायचा, पिकअप जायचा आणि ऐरोलीला ऑफिसला जाताना विटाव्याच्या पुलाखालच्या गर्दीत टेम्परेचरचा काटा वर. मग पुन्हा गॅरेज. मेकॅनिकदादा बॉनेट उघडायचे, पॉइंट काळे पडलेले दाखवायचे, नवे टाकायचे, डेल्को कानाने ऐकत थोडा फिरवायचे. ‘ताई, तुमचा डेल्को सरकतोय. क्लॅम्प घट्ट केलाय, आता जाणार नाही.’

जायचाच.

माणूस प्रामाणिक आहे, हात चांगला आहे, त्यामुळे मीही बराच काळ क्लॅम्पलाच दोष देत होते. (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटरच, चारही सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा. डेल्को हे एका अमेरिकन कंपनीचं नाव, पण आपल्याकडे लुकासचा डिस्ट्रिब्युटरसुद्धा डेल्कोच असतो.)

मला खटकत होतं ते वेगळंच. ठिणगी लवकर पडली तर चढावर टकटक होते. उशिरा पडली तर गाडी गरम होते, दम राहत नाही. दोन्ही तक्रारी एकमेकींच्या उलट. मग एकच गाडी एका महिन्यात दोन्ही टोकांना कशी जाते?

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगी पडल्याबरोबर एकदम उडत नाही, पेटत जातं. त्याला ढोबळमानाने दोनेक मिलिसेकंद लागतात. इंजिन ८०० आरपीएमवर असताना क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, एका मिलिसेकंदात सुमारे ४.८ अंश फिरतो, ३००० आरपीएमला १८ अंश. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आणखी आधी पडायला हवी. हे काम डेल्कोच्या पोटातली दोन वजनं करतात. गोल फिरताना ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या चार टोकांच्या दांड्याला, पुढे ढकलतात. त्यांना आवरायला दोन स्प्रिंगा. शिवाय बाजूला व्हॅक्यूमची डबी, ती पाय हलका असताना थोडा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी आधी पडणं) वाढवते. आपण पान्याने क्लॅम्प सैल करून जे फिरवतो ती फक्त सुरुवातीची जागा, बेस. पुढचा सगळा खेळ आत चालतो. आणि डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डेल्कोवरचा १ अंश म्हणजे क्रँकवरचे २. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागेल.

नेलपॉलिशची रेघ

क्लॅम्प सरकतो की नाही हे ठरवायला मी घरातली लाल नेलपॉलिश घेतली आणि डेल्कोच्या बॉडीवरून खालच्या क्लॅम्पपर्यंत आणि तिथून ब्लॉकवर अशी एक उभी रेघ मारली. तिसरं टायमिंग लावून झालं त्याच दिवशी. तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा मरगळली तेव्हा टॉर्च मारून पाहिलं. रेघ जशीच्या तशी, केसाइतकीही तुटलेली नाही.

म्हणजे डेल्को जागेवर आहे आणि तरीही टायमिंग हललंय. मग हलणारी वस्तू आत आहे. ही रेघ मारायला एक मिनिट लागतं आणि अर्धा वाद तिथेच मिटतो. तुमची रेघ तुटली असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, क्लॅम्प बदला. तो खूप वेळा आवळून आवळून वाकलेला असतो.

ड्वेल

आत काय हललं हे कळायला मीटर हवा. ड्वेल मोजणारे मल्टीमीटर अजून मिळतात, ऑपेरा हाऊसला सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केली तर सापडतो. ड्वेल म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते. चार सिलिंडरच्या डेल्कोत एका सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात. माझ्या लुकासच्या डेल्कोला त्यातले ६० अंश मिटलेले, ३० उघडे असं हवं, तीन अंश इकडेतिकडे चालतात. फीलर गेजच्या (ठराविक जाडीच्या पात्यांच्या) भाषेत उघड्या पॉइंटमधली ही फट, म्हणजे गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी, लेथवाल्यांच्या भाषेत १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग).

टायमिंग लावलं त्या दिवशी मीटर ६० दाखवत होता. तीन आठवड्यांनी ६७.

सगळं उत्तर या सात अंशांत आहे. पॉइंटच्या हातावर एक फायबरचा ठोकळा असतो, तो कॅमवर घासतो आणि पॉइंट उघडतो. ठोकळा झिजला की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि लवकर मिटतात. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. ड्वेल ७ अंशांनी वाढला तर त्यातला निम्मा, साडेतीन अंश, उघडण्याच्या बाजूला जातो. डेल्कोवरचे साडेतीन म्हणजे क्रँकवरचे सात. थोडक्यात ड्वेल जितके अंश वाढेल, टायमिंग तितकेच अंश मागे जातं. कुणीही काहीही न फिरवता माझी गाडी सात अंश मागे गेली होती.

आता फेरा जुळवून बघा. ठोकळा झिजतो, टायमिंग मागे पडतं, गाडी मरगळते. गॅरेजमध्ये नवे पॉइंट पडतात, गॅप पूर्ववत होतो, आणि तेवढ्यानेच टायमिंग सात अंश पुढे येऊन मूळ जागी बसतं. पण दादांच्या डोक्यात ‘टायमिंग मागे गेलंय’ हे पक्कं असतं, म्हणून ते वर डेल्कोही पुढे फिरवतात. झालं दुप्पट. पुढच्या रविवारी गायमुखला टकटक. मग डेल्को मागे. मग ठोकळा झिजतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. टायमिंगला आजार नव्हताच, आम्ही औषध दोनदा देत होतो.

म्हणून माझा हट्ट: गॅप लावणं आणि टायमिंग लावणं ही दोन कामं समजू नका. गॅपला हात लावला की टायमिंग तपासायचंच, आणि गॅप तपासल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही. हा क्रम उलटा झाला की कितीही चांगला मेकॅनिक असला तरी चकवा लागतो.

एक बारीक गोष्ट. वापरलेल्या पॉइंटवर फीलर गेजचा भरवसा नाही. एका बाजूला धातूचा डोंगर तयार होतो, दुसऱ्या बाजूला खड्डा. गेजची पाती डोंगरावर टेकते, त्यामुळे गॅप खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि आपण तो नको इतका वाढवतो. तिथे ड्वेलमीटरच हवा. असे डोंगर-खड्डे लवकर होत असतील, किंवा पॉइंट वारंवार काळे पडत असतील, तर पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर बघा. लुकासला ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड लागतो. बाजारात पुडीत मिळणारे नवे कंडेन्सर मोजून घ्यावेत, असा माझा अनुभव आहे. मी तीन आणले, त्यातला एक मापात बसला.

पण ठोकळा इतक्या लवकर का झिजावा?

फायबरचा ठोकळा नवा असताना पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडा बसतोच, ते सगळ्यांचं होतं. तीन आठवड्यांत सात अंश मात्र फार. रोटर (कॅमच्या डोक्यावर बसून ठिणगी वाटणारा तुकडा) काढून कॅमवर टॉर्च मारला आणि बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत, आणि चार टोकांपैकी दोनांवर तांबूस ठिपके. गंज.

हा आपल्या पावसाचा प्रताप. जून ते ऑगस्ट गाडी सोसायटीत कव्हरखाली उभी होती. खाडी जवळ, हवा ओली, कव्हरखाली वारा नाही. त्यातून डेल्कोच्या कॅपमध्ये आतून दव धरतं. गंज चढलेला कॅम म्हणजे मिनिटाला शेकडो वेळा घासणारी कानस. नव्या पॉइंटचा ठोकळा त्यावर कितीसा टिकणार? आम्ही दर महिन्याला नवा ठोकळा आणून कानशीसमोर ठेवत होतो.

उपाय साधा होता. १००० नंबरचा पॉलिशपेपर, त्यावर दोन थेंब ऑइल, कॅम हलक्या हाताने घासून गुळगुळीत. खरवडायचं नाही, चार टोकांचा आकार बदलला तर चार सिलिंडरांचं टायमिंग वेगवेगळं होईल. मग पुसून कोरडा करून उष्णता सोसणारं ग्रीस, काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढं. जास्त लावाल तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिसिंग करते. रोटरखाली मधोमध एक स्क्रू दिसतो, त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब टाकायचे. स्क्रू काढावा लागत नाही, त्याच्या बाजूने तेल आपोआप आत उतरतं. आणखी दोन थेंब बेसप्लेटच्या भोकातून खाली वजनांना.

झाकण उघडलेलं आहे तोवर रोटर धरून शाफ्ट आडवा हलवून बघा. खटखट हलला तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, गेलाय. मग ड्वेल रेसबरोबर नाचतो आणि कुठलंच सेटिंग टिकत नाही. माझा थोडा हलत होता, पण आयडलला आणि २००० आरपीएमला ड्वेलमध्ये दोनच अंशांचा फरक, म्हणून तूर्त सोडून दिलं. बुश करायचाच झाला तर वागळे इस्टेटमध्ये लेथवर होऊन मिळतो. सच्छिद्र ब्राँझचा तयार बुश असेल तर बसवण्याआधी निदान २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांगा, नाहीतर सांगितलं नव्हतं म्हणतात.

बेस टायमिंग, बल्बवर

आता डेल्कोला हात. कानाने नाही, बल्बने. एक १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी. एक वायर डेल्कोच्या बाजूच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद, उघडले की पेटतो. बल्बला प्लस-मायनस कळत नाही, त्यामुळे काही जुन्या गाड्यांत असतो तसा प्लस अर्थ असला तरी अडत नाही.

चारही प्लग काढा, इंजिन हलकं फिरतं. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून हँडलने फिरवा. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की एक नंबर कॉम्प्रेशनवर येतोय. हँडल नसेल तर चौथा गिअर टाकून कुणाला तरी गाडी इंचाइंचाने ढकलायला लावा. क्रँकच्या पुलीवर खाच असते आणि टायमिंग कव्हरवर दाते. या इंजिनात सगळ्यांत लांब दाता म्हणजे टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा), बाकीचे त्याच्या आधीचे ५ आणि १० अंश. दाते खालच्या बाजूला, पन्नास वर्षांच्या तेलकट मातीखाली असतात. रॉकेलने धुवा, खाचेत व्हाइटनर भरा. खाच तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, आणि आणताना इंजिन नेहमी पुढच्याच दिशेने फिरवा. जागा ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या. नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा मापात शिरतो. आकडा इथे मुद्दाम देत नाही, कमी आणि जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना तो वेगळा असतो. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका.

मग क्लॅम्प सैल करून डेल्को फिरवा, बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे थांबा, आवळा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की अ‍ॅडव्हान्स वाढतो, त्याच दिशेने फिरवली की कमी होतो. माझ्या गाडीत वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून घड्याळाच्या दिशेने बॉडी म्हणजे अ‍ॅडव्हान्स. पाठ करू नका, कॅप काढून स्टार्टर मारा आणि स्वतः बघा. ज्यांच्या लुकास डेल्कोवर बाजूला खाचांचा छोटा नट आहे, त्यांना बारीक फरकासाठी क्लॅम्प सोडायचीही गरज नाही. त्या नटाच्या ११ टिचक्या म्हणजे १ अंश. बऱ्याच गाड्यांत तो गंजून जाम असतो आणि मालकाला तो कशासाठी आहे हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

इथे काम संपायला हवं होतं. गाडी घेऊन गायमुखला गेले. टकटक नाही, पण दमही पुरेसा नाही. वर गेल्यावर रिकाम्या रस्त्यालासुद्धा गाडी ओढल्यासारखी.

आणि एक माझीच चूक

स्ट्रोब लाइट आणली, एक नंबरच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारी. तिच्या वायरी थेट बॅटरीला लावा, ओढणी असेल तर आधी काढून ठेवा. स्ट्रोबच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि हात तिकडे जातो. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं. आयडलला खाच जागेवर. रेस २५००पर्यंत नेली तर खाच जेमतेम ८ अंश पुढे सरकली. अंश मोजायला पुलीवर कागदी पट्टी चिकटवली होती. पुलीचा व्यास १४० मिमी असेल तर घेर ४४० मिमी, म्हणजे १ अंशाला सुमारे १.२ मिमी. तुमच्या पुलीचं माप घेऊन असंच करा.

माझ्या डेल्कोत कॅमच्या तळाशी १० आकडा ठोकलेला आहे. तो डेल्कोचा, म्हणजे क्रँकवर कमाल २० अंश. त्यापुढे ८ म्हणजे काहीच नाही.

बेसप्लेट काढली आणि मला एकदम गेल्या वर्षीची मीच आठवले. तेव्हा सफाईसाठी डेल्को उघडला होता. आतल्या दोन स्प्रिंगांपैकी एक बारीक, ताणलेली. दुसरी जाड आणि तिची कडी खिट्टीवर चक्क सैल. मला वाटलं, ताणली गेलीय बिचारी. पकडीने कडी दाबून घट्ट केली आणि स्वतःवर खूश झाले. तो सैलपणा मुद्दाम ठेवलेला असतो. कमी रेसला एकटी बारीक स्प्रिंग काम करते, अ‍ॅडव्हान्स भराभर वाढतो. मग जाड स्प्रिंगची कडी खिट्टीला भिडते आणि पुढचा अ‍ॅडव्हान्स सावकाश होतो. मी ती आधीपासूनच भिडवून ठेवली होती. त्यामुळे वर अ‍ॅडव्हान्स मिळेना, म्हणून कानाने टायमिंग लावणारा कुणीही बेसच जास्त पुढे घेणार, आणि जास्त बेस कमी रेसच्या चढावर टकटकणार. दादांवर इतके दिवस मनातल्या मनात केलेले सगळे आरोप निम्मे परत घेतले.

उघडण्याआधीचा फोटो फोनमध्ये होता, त्यावरून कडी पुन्हा तेवढी लांब केली. २५०० आरपीएमला आता १७ अंश. तुमच्याकडे फोटो नसेल तर स्प्रिंगांना हातच लावू नका. कुर्ल्याला जुन्या डेल्कोतल्या स्प्रिंगा मिळतात, पण कॅमवरचा आकडा जुळला तरच त्या डेल्कोचा विचार करा.

व्हॅक्यूमच्या डबीचं एका वाक्यात सांगते: नळी तोंडाने ओढून जीभ लावा, ओढ टिकली तर पडदा ठीक. तसंही घाटात पाय पूर्ण दाबलेला असताना व्हॅक्यूम जवळजवळ शून्य असतो, तेव्हा चढावरच्या टकटकीचा आरोप तिच्यावर करू नका. ती मेली तर सपाट रस्त्यावर पेट्रोल जास्त जातं, एवढंच. आणि पेट्रोलवरही नको. ‘ई २०मुळे (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे) नॉकिंग होतंय’, म्हणजे हीच टकटक, असं मलाही दोघांनी सांगितलं. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची टकटक रोखण्याची ताकद, उलट वाढतो. त्याचा त्रास कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होण्यात आणि जुन्या रबरी नळ्या खराब होण्यात आहे, तो वेगळा विषय.

दिवाळीनंतर हे सगळं केलं. तेव्हा ड्वेल ६०, पहिल्या महिन्यानंतर ६१, होळीला ६२. डेल्को तेव्हापासून फिरवलेला नाही, नेलपॉलिशची नवी रेघ अखंड आहे. बॉनेटच्या आतून एक चिठ्ठी चिकटवलीय: तारीख, ड्वेल, ग्रीस. मे महिन्याच्या रकान्यात आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, ‘कव्हर काढून दर रविवारी अर्धा तास चालू ठेवणे.’ मी त्याखाली लिहिलंय, ‘चालवणे. नुसती चालू ठेवणे नाही.’